सोमवारपर्यंत ताजी मशरूम

खुडलेलं मशरूम काही दिवसांनी खराब होतं. ही गोष्ट पोलंडमधल्या आमच्या वोशित्से भागात पिढ्यानपिढ्या सगळ्यांना माहीत होती, पण तिच्याविरुद्ध कुणी ठोस पाऊल उचललं नव्हतं. आधी टोपी पांढरीशुभ्र असते, मग तिच्यावर तपकिरी डाग येतात, मग ती बुळबुळीत होते आणि घरची बाई नाक मुरडून तिला कचऱ्यात टाकते. दुसरी अडचण पोषणाची. मशरूम अंधाऱ्या शेडमध्ये वाढतं, त्याला ऊन माहीत नाही, म्हणून त्याच्यात ड जीवनसत्त्व नावालाच असतं. आमच्याकडे अख्खा हिवाळाभर माणसालाही ऊन माहीत नसतं. पण माणसं डब्यात भरून विकायची नसल्यामुळे तो प्रश्न समितीच्या कक्षेबाहेर होता.

समिती म्हणजे ताजेपणा व पोषण सुधार समिती. मी तिचा उपसचिव. अध्यक्षा डॉक्टर लेओकादिया म्रूज, अतिशय विद्वान बाई. त्यांनी मशरूमवर एवढं लिहिलं आहे की खायला त्यांना सवडच मिळाली नाही. तसं पाहिलं तर समितीतलं कुणीच मशरूम खात नसे. आमच्याकडे अळंबी म्हणजे जंगलातली, पहाटे टोपली घेऊन, शेजाऱ्याला चुकवून, आपल्या ठरलेल्या झाडाखालून आणलेली. शेडमध्ये वाढतं त्याला आम्ही अळंबी म्हणतच नाही. सप्टेंबरात तर समितीची बैठकच होत नसे, कारण सगळे सदस्य जंगलात असत आणि समोरून दुसरा सदस्य आला की झाडाआड लपत.

आता यात माझा मेहुणा कुठे आला ते सांगतो. झेनोन कुकाव्का, माझ्या बायकोचा, दानुताचा, धाकटा भाऊ. त्याच्या मशरूमच्या शेड आहेत आणि गावातल्या निम्म्या बायका तिथे खुडणीला जातात. मोठ्या दुकानांच्या साखळीने त्याला कळवलं की यापुढे आम्ही फक्त ‘सुधारित’ शिक्का असलेलं मशरूम घेऊ. उन्हाळ्याच्या आत शिक्का आणा, नाहीतर दुसरीकडून घेतो. शिक्का देणार समिती. शिक्का नाही तर गिऱ्हाईक नाही, गिऱ्हाईक नाही तर शेडला कुलूप. झेनोन तसा भांडकुदळ आणि बढाईखोर माणूस, पण त्या दिवशी माझ्या स्वयंपाकघरात तो चहा पार गार होईपर्यंत नुसता ढवळत राहिला. मला खरंच वाईट वाटलं. मी म्हटलं, अरे, आपण काय परके आहोत का, समिती आपलीच आहे. आज वाटतं, त्याच वेळी त्याने शेड विकायला हव्या होत्या.

पोषणाचं काम आधी घेतलं. शास्त्र सांगतं की मशरूमवर अतिनील किरणांचा दिवा धरला की ते आपलं आपणच ड जीवनसत्त्व तयार करतं. झेनोनने दिवा आणला, लावला आणि जीवनसत्त्व खरोखरच तयार झालं. पण झेनोन हा हात राखून काही करणारा माणूस नव्हे. बहिणीच्या लग्नात त्याने बँडवाल्यांना बसू दिलं नव्हतं, तसंच त्याने दिव्यालाही विसावा दिला नाही. मशरूम पौष्टिक झालं आणि तपकिरीही. साखळीचा खरेदी अधिकारी आला, त्याने डबा उघडून पाहिला आणि म्हणाला की आमच्या ग्राहकाला पौष्टिक पाहिजे हे खरं, पण पांढरं पाहिजे हे जास्त खरं.

समितीपुढे पेच पडला. दिवा कमी वेळ लावावा, अशी एक सूचना आली, पण ती फारच सोपी असल्यामुळे तिच्यावर चर्चा झाली नाही. डॉक्टर म्रूज यांनी नियम पुन्हा वाचला. त्यात ‘उत्पादनावर प्रकाशप्रक्रिया करावी’ एवढंच होतं. उत्पादन म्हणजे काय? दुकानात जे विकलं जातं ते. दुकानात काय विकलं जातं? डबा.

“म्हणजे दिवा पुठ्ठ्याच्या डब्यावर लावायचा?” झेनोनने विचारलं. “आत मशरूम असताना?”

“उत्पादनावर,” डॉक्टर म्रूज म्हणाल्या.

“बाई, पुठ्ठ्यातून आत काय जाणार आहे? माझं डोकं?”

“कुकाव्कासाहेब, काय आत जातं हा आतल्याचा प्रश्न आहे. आपण बाहेरून आपलं कर्तव्य करायचं.”

त्या दिवसापासून डब्यांना ऊन देणं सुरू झालं. डब्यावर छापलेल्या मशरूमचं चित्र थोडं सावळलं. प्रक्रिया परिणामकारक झाल्याचा दृश्य पुरावा म्हणून समितीने त्याची नोंद घेतली. आतलं मशरूम पूर्वीसारखंच पांढरं आणि पूर्वीसारखंच अडाणी राहिलं.

मग टिकाऊपणा. इथे खरी अडचण ‘ताजं’ या शब्दाची होती. एक नवीन सदस्य म्हणाला की ताजं म्हणजे नुकतंच खुडलेलं. डॉक्टर म्रूज यांनी त्याला प्रेमाने समजावलं की ही भावनिक व्याख्या झाली. आजीच्या तोंडी ठीक आहे. नियमाप्रमाणे ताजेपणाची मुदत डबाबंद केल्यापासून मोजायची. यावर झेनोनचे डोळे चमकले. तो म्हणाला, मग डबाबंद उशिरा केलं तर? आणि मग तोही आमच्यातलाच झाला. झाकण दाबलं की डबाबंद, हे ठरलं. शेडमध्ये झाकण दाबायचं नाही, ट्रकमध्ये दाबायचं नाही, दुकानात दाबायचं नाही. झाकण नुसतं वर ठेवायचं. ग्राहकाने घरी नेऊन स्वतःच्या अंगठ्याने टक्कन दाबायचं, आणि तिथून मुदत सुरू. तोवर मशरूमचा जन्मच झालेला नाही. त्याला म्हातारपण कुठून येणार?

शिक्का मिळाला. झेनोनने मला मिठी मारली, दानुताने सफरचंदाचा केक केला आणि खुडणीच्या बायकांनी शेडच्या दाराला फिती बांधल्या. डबे असे उठले की काही विचारू नका. ज्यांनी जन्मात शेडचं मशरूम घरात आणलं नव्हतं त्यांनीही नेले, कारण डब्यावर ‘ताजं, पौष्टिक, सुधारित’ असं तीन ओळींत छापलं होतं आणि सावळलेलं चित्र अगदी तब्येतीचं दिसत होतं.

आणि मग एकाएकी विक्री थांबली. कमी झाली असं नव्हे, थांबली. साखळीने झेनोनला कळवलं की आता पाठवू नका. शेडमध्ये मशरूम टोप्या उघडून छत्र्यांसारखी उभी, खुडायला बायका नाहीत, आणि झेनोन माझ्या नावाने बोटं मोडत फिरतोय. शेवटी समितीने घरोघर सर्वेक्षण करायचं ठरवलं.

मी सुरुवात शेजारच्या यादविगाबाईंपासून केली. बाईंना गुडघेदुखी, डॉक्टरांनी ड जीवनसत्त्व सांगितलेलं. मी गेलो तेव्हा त्या जंगलातल्या अळंब्या भरलेल्या करंज्या आंबट सायीत बुडवून खात होत्या. मी विचारलं, सुधारित मशरूम घेतली होती का? घेतली तर, असं म्हणून त्यांनी फ्रिजचा खालचा खण ओढला. डबा तिथे होता, झाकण न दाबलेला, कोबीच्या मागे. आत डोकावलो. आतली परिस्थिती मी इथे सांगत नाही.

“खाल्ली नाहीत?” मी विचारलं.

“खाणार ना. सोमवारपासून सुरू करणार आहे.”

“कोणत्या?”

“अहो, सोमवारपासून म्हटलं ना एकदा,” बाई चिडल्या आणि मला एक करंजी वाढली.

पुढच्या घरी तेच. त्याच्या पुढच्या घरी तेच. पाद्रीबुवांच्या फ्रिजमध्ये, शाळेच्या मुख्याध्यापकांच्या फ्रिजमध्ये, सगळीकडे खालच्या खणात एक डबा, आणि सगळीकडे सोमवार. झाकण दाबलेलं नसल्यामुळे प्रत्येक डबा नियमाने ताजा होता. ताजा डबा घरात असताना दुसरा कोण आणणार? आम्ही टिकाऊपणा इतका वाढवला होता की खपच संपला होता.

झेनोनला हे सांगितलं तेव्हा तो हसेल असं मला वाटलं होतं. तो हसला नाही. “एकानेही उघडला नाही?” एवढंच त्याने विचारलं. मग म्हणाला, “दाजी, पुठ्ठ्यावर दिवा लावला तेव्हा मला थोडी लाज वाटली होती. आता जास्त वाटतेय. पण शेड बंद करवत नाही हो.”

शेड बंद होऊ द्यायच्या नाहीत, यावर समितीचंही एकमत होतं. शेड नसत्या तर समिती कशाला? डॉक्टर म्रूज यांनी सर्वेक्षण वाचलं, चष्मा पुसला आणि त्यांच्या आयुष्यातली सर्वांत मोठी कल्पना मांडली. डब्यावरची झाकण दाबल्यापासूनची मुदत काढून टाका. तिथे छापा, ‘सोमवारपर्यंत ताजी’. कोणता सोमवार, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, ते ग्राहकाला बरोबर माहीत असतं.

बाईंच्या बुद्धीपुढे मी आजही हात जोडतो. आता दर सोमवारी सकाळी माणूस फ्रिज उघडायचा, सोमवार आला हे बघून दचकायचा, आज जरा गडबड आहे म्हणून डबा फेकून द्यायचा आणि पुढच्या सोमवारसाठी नवा आणायचा. आणताना त्याला फार बरं वाटायचं. यादविगाबाईंनी तर मला सांगितलं की डबे घरात यायला लागल्यापासून गुडघा हलका वाटतो. झेनोनने आणखी एक शेड बांधली.

मग त्याच्या शेडमध्ये रोग शिरला आणि एक सबंध पीक काळं पडलं. साखळीला डबे तर द्यायचे होते. झेनोनने घाबरत घाबरत डब्यांत शेडमधली ओली माती भरली, वजन जुळवलं, वर पांढरा कागद घातला आणि डबे पाठवून दिले. नंतर आठवडाभर तो घरात फोन वाजला की अंगणात पळायचा. तक्रार आली नाही. एकही नाही. उलट चर्चबाहेर एका बाईने त्याचा हात धरून सांगितलं, की तुमच्यामुळे आमच्या घराला पौष्टिक खायची सवय लागली.

तेव्हापासून तिथे मशरूम पिकत नाही. खुडणीच्या बायका आता डबे दुमडतात. पाठ कमी दुखते म्हणतात. पुठ्ठ्यावर दिवा मात्र रोज लावला जातो, त्यात कसूर नाही. शेड वाचल्या, शिक्का शाबूत आहे, समितीला बाहेरगावाहून पाहुणे येतात.

परवा शनिवारी झेनोन माझ्याकडे आला. हातात कढई, कढईत लोण्यात परतलेली मशरूम, वर मिरपूड. एका कोपऱ्यात, कुणाला न सांगता, त्याने एक वाफा लावला होता. सकाळी खुडली, घटकाभर दिवा दाखवला आणि लगेच परतली. वास असा सुटला होता की दानुता वरच्या मजल्यावरून खाली आली.

“दाजी, खाऊन बघा,” तो म्हणाला. “एवढी वर्षं हे पिकवतोय. कुणीतरी खाताना मला बघायचंय.”

त्याचा चेहरा पाहून मला गलबलून आलं. माणूस मनापासून बोलत होता. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हटलं, अरे वेड्या, खाणार नाही तर काय, पण आज नुकतंच जेवण झालंय. दानुताने कढई अलगद त्याच्या हातातून घेतली, मशरूम डब्यात काढली आणि फ्रिजच्या खालच्या खणात ठेवली. झेनोन रिकामी कढई घेऊन फाटकापर्यंत गेला, तिथे जरा थांबला आणि मागे न बघता निघून गेला.

तुम्ही हसताय, हे मला दिसतंय. हसा, वाचकांनो. समितीने सर्वेक्षणाचा परीघ आता वाढवला आहे आणि आमची माणसं तुमच्याही दारी येतील. ती तुमचा फ्रिज उघडणार नाहीत, घाबरू नका. पलंगाखालचे पळायचे बूट, दूध आणल्याशिवाय न सुटणारं ओट्सचं पाकीट, आईला करायचा राहिलेला फोन, यांतलं काहीही चालेल. प्रश्न एकच विचारतील, कधीपासून? तुमचा वेळ जाऊ नये म्हणून उत्तर आम्ही आधीच छापून आणलं आहे. तुम्ही फक्त खाली सही करा.