माघारीची वेळ तीनपर्यंत

शिलाईवाल्या मावशींनी नगरसेवकपदासाठी अर्ज भरला तो निव्वळ रागाच्या भरात. दुकानासमोरचं गटार चार वर्षं तुंबलेलं. गिऱ्हाइकं नाकाला रुमाल लावून मापं द्यायची आणि नगरसेवक दर खेपेला "बघतो" म्हणायचा. शेवटी मावशी म्हणाल्या, "तू नको बघूस, मीच बघते."

दुसऱ्या दिवशी सकाळीच गाडी आली, सहा माणसं आली आणि दुपारपर्यंत गटार वाहायला लागलं. पाठोपाठ नगरसेवकाचा निरोप : काम झालं, अर्ज मागे घ्या. मावशी घ्यायलाही निघाल्या होत्या, पण गल्लीने त्यांना अडवलं.

"एवढ्यात कुठे, मावशी?" बेकरीवाला म्हणाला. "आमच्या कोपऱ्यावरचा दिवा होऊ दे की!"

दिवा लागला. मग शाळेसमोरचा खड्डा बुजला. मावशी नुसत्या उमेदवार राहिल्या तरी रस्ते गुळगुळीत होत होते.

"आता बास," त्यांचे यजमान कुरकुरले. "शिवायचे कपडे साठलेत. आणि तू काय निवडून येणारेस होय?"

"का? मला काय धाड भरलीय?"

शेवटच्या दिवशी अडीच वाजता निवडणूक कचेरीत नगरसेवक स्वतः माघारीचा अर्ज घेऊन हजर होता. पेनाचं टोपणही त्याने आधीच काढून ठेवलं होतं.

"सगळं केलं, मावशी. आता सही करा. हात जोडतो."

सोबत आलेल्या यजमानांनीही मान डोलावली. मावशींनी पेन घेतलं आणि सहज विचारलं, "ते गटार काढायला वेळ किती लागला हो?"

"कितीसा? अर्धा दिवस."

मावशींच्या डोळ्यांत पाणी आलं. ते संतापाचं होतं. "अर्ध्या दिवसाच्या कामासाठी चार वर्षं तुमच्या दारात चपला झिजवल्या मी! मला काय भीक घालत होतात? हे घ्या पेन. लढणार मी. पडले तरी लढणार!"

नगरसेवक भडकला. "हे तुमचं डोकं नाही! मागे कोणीतरी आहे." तो कारकुनाकडे वळला. "हिच्या अर्जावर सूचक म्हणून सही कोणाची आहे?"

छाननीच्या दिवशी तो फिरकलाच नव्हता. शिवणकाम करणाऱ्या बाईचा अर्ज काय बघायचा, असा त्याचा हिशेब. कारकुनाने कागद काढला, चष्मा सारखा केला आणि घसा खाकरला.

"पत्ता तुमच्याच घरचा आहे, साहेब. सही वहिनीसाहेबांची."

नगरसेवकाने कागद ओढून घेऊन सही पाहिली. "तिला मी काय कमी केलं?"

"कमी काही नाही हो," मावशी आता जरा नरमल्या. "स्वयंपाकघरातला नळ गळतोय म्हणत होत्या. लग्न झाल्यापासून."

तीन वाजून गेले. कारकुनाने खिडकी लावून घेतली. मावशींचे यजमान मात्र केव्हाच उठून घराकडे सुटले होते. दोन वर्षं न लागणारी माजघराची कडी त्यांना एकाएकी आठवली होती.