एकवीस घरांनी न खाल्लेला पेरू

“कायद्याची बाजू माझ्यावर सोडा आणि तुम्ही निर्धास्त राहा,” असं कलमकाकांनी भर सभेत जाहीर केलं, तेव्हा फळं निवडायच्या शेडमध्ये जमलेल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पालथ्या क्रेटवर बसून टाळ्या वाजवायच्या म्हणजे तोल सांभाळावा लागतो, त्यामुळे आवाज जरा कमी पडला. पण काकांना तेवढा पुरला.

काकांनी चौतीस वर्षं कोर्टात कारकुनी केली होती. दर तिसऱ्या वाक्याला ते कुठलं तरी कलम काढायचे, म्हणून गल्लीने त्यांना हे नाव ठेवलं होतं. त्यांची थोरली बहीण अक्का त्याच घरात राहायच्या आणि त्यांचाही जन्म कलमांतच गेला होता. फक्त त्यांची कलमं झाडांची होती. भावाचं कलम सुरू झालं की लोकांना घरची कामं आठवायची. बहिणीचं कलम मिळावं म्हणून तेच लोक दोन-दोन वर्षं नंबर लावून बसायचे.

गल्लीत घरं बावीस. प्रत्येक घरामागे परसबाग, आणि सगळ्या बागांची मिळून एक संस्था. फळं शेडमध्ये आणायची, निवडायची, पेट्या भरून बाजारात पाठवायची, असं तिचं काम. काका तिचे चिटणीस होते. आजवर संस्थेने काही जगावेगळं केलं नव्हतं, पण अक्कांनी केलं होतं. रंगपेटीतला बारीक ब्रश घेऊन एका पेरूच्या फुलातले पराग दुसऱ्याच्या फुलाला लावायचे, वर कागदी पिशवी बांधायची, बी धरायचं, रोप वाढवायचं, फळ चाखायचं आणि मान हलवून पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं. हा उद्योग अकरा वर्षं चालला. शेवटी त्यातून असा पेरू निघाला की त्याचं बी लोण्यासारखं मऊ. दातात अडकत नाही, दाताखाली कडकत नाही, आणि झाडावरून काढल्यावर आठ दिवस जसाच्या तसा राहतो.

त्या झाडावरून अक्कांनी आणखी दोन कलमं बांधली होती. आता या वाणाची सरकारदरबारी नोंदणी करायचं ठरलं होतं. नोंदणी झाली की वाण अक्कांच्या नावावर, मग प्रत्येक घराला दोन-दोन कलमं, आणि शेडमागच्या रिकाम्या जमिनीवर सगळ्यांची मिळून एक बाग. नाही झाली तर काय होईल, हेही सगळ्यांना ठाऊक होतं. गेल्या हंगामात एक रोपवाटिकेवाला कुंपणापाशी उभा राहून त्या झाडाचं जरा जास्तच कौतुक करून गेला होता.

अर्ज गेला, आणि तपासणीला कोणीतरी येणार, असं तारखेसकट पत्र आलं. आठ दिवस हाताशी होते. काकांनी अक्कांच्या कपाटातून नोंदणीच्या नियमांची पुस्तिका काढली, चष्मा पुसला आणि वाचायला बसले. सातव्या पानावर ते थबकले. तिथे लिहिलं होतं, ‘अर्जापूर्वी सदर वाणाच्या फळांची विक्री अथवा वितरण झालेले नसावे.’

त्या कलमाखाली बारीक अक्षरात स्पष्टीकरण होतं. ते काकांनी वाचलं नाही. चौतीस वर्षांत त्यांनी स्पष्टीकरण कधीच वाचलं नव्हतं. ज्यांना कलम कळत नाही त्यांच्यासाठी स्पष्टीकरण असतं, असं त्यांचं मत होतं.

ते तसेच उठून परसात गेले. अक्का आळ्यात पाणी सोडत होत्या.

“अक्का, या झाडाचे पेरू तू कधी बाजारात पाठवलेस?”

“तीन झाडांचे पेरू ते किती. बाजारात काय पाठवणार?”

“आणि वाटलेस कोणाकोणाला?”

“कोणाला नाही वाटले ते विचार, पटकन सांगून होईल.”

काकांनी चष्मा काढला. वितरण म्हणतात ते याहून निराळं काय असतं? तीन वर्षं, एकवीस घरं, टोपल्या भरभरून. अकरा वर्षांची मेहनत बहिणीने स्वतःच्या चांगुलपणापायी मातीत घातली होती, आणि बिचारीला पत्ताही नव्हता. तिला सांगावं, तर ती तपासनिसाला सगळं खरं खरं सांगून मोकळी होणार. अक्कांचा हा दोष काकांना लहानपणापासून माहीत होता. म्हणून त्यांनी ठरवलं, तिला यातलं काही कळू द्यायचं नाही. आपण एकट्यानेच निस्तरायचं.

त्याच दुपारी त्यांनी मजकूर तयार केला. ‘मी खाली सही करणार लिहून देतो की, सदर पेरू मी आजतागायत खाल्लेला नाही, पाहिलेला नाही व त्याबद्दल काही ऐकलेलेही नाही.’ एकवीस प्रती काढल्या आणि ते गल्लीत निघाले.

पहिलं घर दातांच्या डॉक्टरीणबाईंचं. त्यांनी कागद वाचला.

“काका, मी आत्ता तोच खातेय.”

“तोंडातला संपवा, मग सही करा.”

“अहो, पण हे खोटं आहे.”

“डॉक्टरीणबाई, खोटं वेगळं आणि कायदेशीर वेगळं. अक्काचा वाण जायला नको असेल तर सही करा.”

अक्कांचं नाव निघाल्यावर बाईंनी हात पुसला आणि सही केली. पेरूचा एक डाग कागदावर पडला, तो काकांनी रुमालाने टिपला.

शिंपीदादांना सही करायला वेळ लागला. एकमार्गी माणूस, शिवलेल्या कापडाची लांबीसुद्धा कधी कमी-जास्त सांगितली नव्हती. त्यांनी कागद तीनदा वाचला. “पाहिलेला नाही असं कसं म्हणू? माझ्या खिडकीतून झाडच दिसतं.”

“पडदा लावा,” काका म्हणाले.

शिंपीदादांनी खरोखरच पडदा शिवला. हिरव्या फुलांचा.

संध्याकाळपर्यंत एकवीस सह्या झाल्या. एवढ्यावर काकांचं समाधान होईना. साक्षीदार कागदावर पक्का असतो आणि तोंडाने फुटतो, हे त्यांनी कोर्टात पुष्कळदा पाहिलं होतं. म्हणून अक्का दुपारी आडव्या झाल्या की शेडमध्ये तालीम सुरू झाली. काका तपासनीस व्हायचे आणि अंगावर धावून गेल्यासारखं विचारायचे, “अक्कांचा पेरू कसा आहे?” उत्तर एकच द्यायचं, “आम्हाला काही माहीत नाही.” पहिल्या दिवशी निम्मे लोक हसले. चौथ्या दिवशी कोणाच्या चेहऱ्यावरची रेषही हलेना. काकांना भरून आलं. गल्लीत इतकी एकजूट त्यांनी पूर्वी पाहिलीच नव्हती.

तपासणीच्या दिवशी एक तरुण बाई आल्या. पायात कॅनव्हासचे बूट, खांद्याला पिशवी, पिशवीत मोजपट्टी आणि छोटा तराजू. त्या थेट परसात गेल्या. अक्कांशी त्यांचं पाच मिनिटांत असं जमलं, की जणू दोघी एकाच झाडाखाली वाढल्या होत्या. तिन्ही झाडांची पानं मोजून झाली, फळं तोलून झाली, कापून झाली. तपासनीसबाईंनी एक फोड तोंडात टाकली आणि चावता चावता थांबल्या.

“बी कुठे गेलं?”

“खाल्लंत तुम्ही,” अक्का म्हणाल्या.

काका लांबून पाहत होते. सगळं अगदी सुरळीत चाललं होतं. त्यांनी पाहुण्यांसाठी चहा टाकला. तो गाळेपर्यंत परसातलं बोलणं भलत्याच वळणावर गेलं, ते त्यांना कळलं नाही.

“आता एकच राहिलं,” तपासनीसबाई अक्कांना म्हणाल्या. “फळ दरवर्षी असंच येतं, एखाद्या वर्षी निघालं असं नाही, याचा पुरावा लागेल. तीन हंगाम हा पेरू खाल्लेले पाच जण मिळतील का?”

“पाच?” अक्का हसल्या. “बाहेर जा आणि भेटेल त्याला विचारा.”

तपासनीसबाई बाहेर गेल्या. त्यांना शिंपीदादा भेटले. ते पडद्याच्या अलीकडे मशीनवर बसले होते.

“दादा, अक्कांचा पेरू कसा असतो?”

“आम्हाला काही माहीत नाही.”

“बरं, खाल्ला नसेल. झाड तर पाहिलं असेल?”

शिंपीदादांनी मशीन थांबवलं. तालमीत हा प्रश्न नव्हता. “कुठलं झाड?” ते म्हणाले. आणि मग, काही उणं राहू नये म्हणून, “कोण अक्का?”

तपासनीसबाई पुढच्या घरी गेल्या. तिथेही कोणाला काही माहीत नव्हतं. त्याच्या पुढच्या घरातल्या आजोबांना पेरू नावाचं फळ असतं एवढंच ऐकून माहीत होतं. दातांच्या डॉक्टरीणबाई दवाखान्यात भेटल्या. त्यांच्या टेबलावर फळांची टोपली होती. त्यांनी वहीने ती झाकली आणि म्हणाल्या, “मी फळं खात नाही. दात खराब होतात.”

तपासनीसबाई परत आल्या त्या वेगळाच चेहरा घेऊन. चहाचा ट्रे घेतलेले काका त्यांना पायरीवरच भेटले. काकांना वाटलं, हीच वेळ. त्यांनी ट्रे खाली ठेवला आणि दोरीने बांधलेली फाइल मोठ्या अदबीने पुढे केली.

“एकवीस जबाब आहेत. स्वतंत्र, स्वखुशीने दिलेले.”

बाईंनी पहिला कागद वाचला, दुसरा वाचला, मग भराभर उरलेले चाळले.

“काका,” त्या शांतपणे म्हणाल्या, “तुम्ही अर्जदाराच्या बाजूचे आहात की विरुद्ध बाजूचे?”

“म्हणजे? मी तिचा सख्खा भाऊ.”

“मग हे काय आहे?”

काकांनी सातव्या पानावरचं कलम तोंडपाठ म्हणून दाखवलं. बाईंनी ते ऐकून घेतलं आणि त्याखालचं स्पष्टीकरण म्हणून दाखवलं. त्यांनाही ते पाठ होतं. ‘वितरण म्हणजे व्यापारासाठी केलेले वितरण. शेजारी, आप्त वा मित्र यांना खाण्यासाठी दिलेली फळे यात धरली जाणार नाहीत.’

“वाटली म्हणून काहीच बिघडत नव्हतं,” त्या म्हणाल्या. “उलट वाटली होती म्हणूनच काम होणार होतं. आता एकवीस घरांनी लेखी दिलंय की असा पेरूच नाही. मी अहवालात काय लिहू?”

काका पायरीवर बसले. ट्रेच्या शेजारीच.

तेवढ्यात अक्का बाहेर आल्या. काय झालं ते कोणी सांगायच्या आत त्यांनी फाइल उचलली. एकेक कागद त्या उलटत गेल्या. शिंपीदादांची सही, डॉक्टरीणबाईंची सही, पलीकडच्या आजोबांची थरथरती सही. गेल्या हंगामात आजारी पडल्या होत्या त्या वहिनींची सही. त्यांना अक्का रोज सकाळी एक पेरू चिरून नेऊन द्यायच्या. त्या सहीपाशी अक्का थांबल्या.

“हिलासुद्धा आठवत नाही?” त्यांनी विचारलं.

काकांना कोर्टात कोणी फाशी सुनावली असती तरी इतकं लागलं नसतं. ते उठले आणि अनवाणीच गल्लीत गेले. दारोदार जाऊन त्यांनी एवढंच सांगितलं, “शेडमध्ये चला. खरं बोलायचंय. चूक माझी आहे.”

पाच मिनिटांत शेड भरली. आधी काका उभे राहिले आणि त्यांनी पहिल्यापासून सगळं सांगितलं, एकही कलम न काढता. मग तपासनीसबाईंनी वही उघडली आणि म्हणाल्या, “एकेकाने बोला.”

एकेकाने कुठलं. आठ दिवस दाबून ठेवलेला पेरू एकदम बाहेर आला. आजारी पडलेल्या वहिनी सगळ्यांच्या पुढे येऊन अक्कांचा हात धरून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “सही करताना रडले होते मी, या काकांना विचारा.” शिंपीदादांनी तीन हंगामांतली फळं कुठल्या आठवड्यात पिकली ते खिडकीतून पाहिलेलं सांगितलं, आणि पडदा आठ दिवसांपूर्वीचाच आहे हेही आपणहून कबूल केलं. कोणी रंग सांगितला, कोणी वास, कोणी सांगितलं की दुसऱ्या वर्षी गारा पडल्या तेव्हा फळं कमी आली पण बी तसंच मऊ होतं. तपासनीसबाई हात दुखेपर्यंत लिहीत होत्या.

“हे सगळं छान आहे,” शेवटी त्या म्हणाल्या, “पण सकाळी याच तोंडांनी नाही म्हटलंय. त्या वेळी लिहून ठेवलेलं काही आहे का कोणाकडे? तारखेसकट?”

मग मागून दातांच्या डॉक्टरीणबाई उठल्या, दवाखान्यात गेल्या आणि काखेत तीन जाड रजिस्टरं घेऊन आल्या.

“मी कवळ्या बसवते,” त्या म्हणाल्या. “नवी कवळी बसवली की ती नीट चावते का, हे बघायला पेशंटला काहीतरी खायला द्यावं लागतं. साध्या पेरूचं बी कवळीखाली गेलं की माणूस कळवळतो. म्हणून तीन वर्षं मी अक्कांचाच पेरू देते.”

त्यांनी पहिलं रजिस्टर उघडलं. प्रत्येक पानावर तारीख, पेशंटचं नाव, आणि पुढे एक ओळ. ‘वरची कवळी. अक्कांचा पेरू खाल्ला. त्रास नाही.’ ‘खालची कवळी. अक्कांचा पेरू खाल्ला. त्रास नाही. आणखी एक मागितला.’ तीन हंगाम, एकशे चौदा कवळ्या, आणि एकालाही त्रास नाही.

तपासनीसबाई बराच वेळ पानं उलटत राहिल्या. त्यांचे खांदे हलत होते. आधी काकांना वाटलं त्यांना रडू येतंय.

“नोकरीत लोकांनी मला नसलेली झाडं पुष्कळ दाखवली आहेत,” डोळे पुसत त्या म्हणाल्या. “असलेलं झाड लपवणारी गल्ली पहिल्यांदाच पाहिली.” आणि जाताना त्यांनी रजिस्टरांच्या नकलांबरोबर सहा पेरूही घेतले. व्यापारासाठी नव्हेत, हे त्यांनी स्वतःच सांगितलं.

पावसाळ्याच्या तोंडावर नोंदणीचं प्रमाणपत्र आलं. शेडमागची जमीन साफ झाली, खड्डे खणले गेले, आणि बावीस घरांतली माणसं एकाच दिवशी कलमं लावायला उतरली. शिंपीदादांनी सुतळी ताणून खड्ड्यांतलं अंतर मापलं; ते सगळीकडे बरोबर निघालं. काकांना पाणी आणायचं काम मिळालं होतं. दिवसभर ते बादल्या वाहत होते आणि कोणालाही काहीही समजावून सांगत नव्हते.

दुपारी सावलीला बसल्यावर ते अक्कांना हळूच म्हणाले, “ते स्पष्टीकरण वाचायला हवं होतं गं मी.”

“मला विचारलं असतंस तरी चाललं असतं.”

“तुला काय माहीत होतं त्यातलं?”

“अरे, अर्ज भरण्याआधी मी ती पुस्तिका दोनदा वाचली होती,” अक्का म्हणाल्या. “स्पष्टीकरणासकट.”

काकांनी बादली उचलली आणि पुन्हा खाली ठेवली.

“मग या सगळ्यात कायद्याचं असं मी काय केलं?”

अक्कांनी हातातली माती झटकली आणि मनापासून आठवून पाहिलं.

“अर्जाच्या पाकिटावरचा पत्ता,” त्या म्हणाल्या. “तो मात्र तू सुंदर लिहिला होतास.”