जयराम कॅनडाला जाईना

खोपोलीच्या बर्फाच्या कारखान्यात, लाद्या रचून ठेवतात त्या खोलीत, एक माणूस नुसत्या बनियनवर उभा आहे आणि दाराशी तिथला मॅनेजर "अहो, बाहेर या, माझ्यावर बालंट येईल," म्हणून हात जोडतो आहे, हे दृश्य मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे. आतला माणूस जयराम गायकवाड. त्याला स्कूटरवर बसवून तिथे नेणारा मी. तो बाहेर आला तेव्हा ओठ जांभळे पडले होते, दात कडकड वाजत होते, पण चेहऱ्यावर समाधान होतं.

"जमंल, भाऊ," तो म्हणाला. "नाक तेवढं आपल्या हुकमात ऱ्हात नाय. बाकी जमंल."

जयरामला कॅनडाला जायचं होतं. तिकडे थंडी फार असते असं त्याला सगळ्यांनी सांगितलं होतं, आणि दुसऱ्याने सांगितलेल्या गोष्टीवर विश्वास ठेवणं हे त्याच्या रक्तातच नव्हतं.

मोहोपाड्याच्या केमिकल कारखान्यात आम्ही एका पाळीत होतो. मी सुपरवायझर, तो ऑपरेटर. कुणी काही सांगितलं की तो मान तिरकी करायचा आणि म्हणायचा, "करून बघाया काय जातंय?" कँटीनचा आचारी एकदा म्हणाला की तोंडात पाणी धरून कांदा चिरला तर डोळ्यांना धार लागत नाही. जयरामने गाल फुगवून टोपलीभर कांदा चिरला आणि धार लागते, असा निकाल रडत रडत दिला. दक्षिणेला पाय करून झोपलं की वाईट स्वप्नं पडतात असं कुणीसं सांगितलं, तर हा चारही दिशांना झोपून पाहून आला. "स्वप्नं सगळीकडनं सारखीच पडत्यात," तो म्हणाला. "पूर्वेला डास जास्त."

त्याची बायको कुसुम नर्स. मुंबईच्या एका इस्पितळात शिकली, तिथेच लागली, आणि पुढे तिला कॅनडात नोकरी मिळाली. ती गेली, स्थिरावली आणि तिने नवऱ्याला बोलावून घेण्याचा अर्ज केला. तो काळ असा की परदेशी गेलेल्या नवऱ्याने बायकोला नेणं हे सुद्धा आमच्या कॉलनीत नवल होतं. इथे तर बायको नवऱ्याला नेत होती. लोकांच्या ते पचनीच पडेना.

"काय जयराम," फिटर पाटलाने एकदा नळावर सगळ्यांदेखत विचारलं, "वयनी तुला पार्सलनं मागवतेय म्हनं?"

"व्हय," जयराम शांतपणे म्हणाला. "पन मागवनारं मानूस लागतं, पाटील. तुला हाय का कोनी?"

खिडकीत उभी असलेली पाटलीणबाईच सगळ्यांत मोठ्याने हसली. पाटलाने पुन्हा तो विषय काढला नाही. निदान जयरामच्या तोंडावर तरी नाही.

अर्ज मंजूर झाल्याचं पत्र आलं तेव्हा ते त्याने माझ्याकडून वाचून घेतलं. आता फार काही उरलं नव्हतं. मुंबईला ठरवून दिलेल्या डॉक्टरकडून तपासणी, पोलिसांचा दाखला, आणि मग शिक्क्यासाठी पासपोर्ट दिल्लीला धाडायचा. तो शिक्का आला की विमान.

तपासणीला मी बरोबर गेलो होतो. छातीचा फोटो काढला. डॉक्टर तो उजेडावर धरून बघत असताना जयरामने मान तिरकी केली.

"डाक्टर, ह्यो माजाच कशावरनं?"

"तुमचं नाव आहे ना त्यावर."

"नाव वरनं लिवलंय. आतनं कसं वळखायचं?"

डॉक्टर मोठा रसिक माणूस. त्याने जयरामला एकेक बरगडी बोट लावून दाखवली. परतीच्या एसटीत हा शर्टात हात घालून त्या ताडून पाहत बसला. शेजारची बाई पनवेलच्या आधीच उठून पुढे जाऊन बसली.

पोलिसांचा दाखला आणखी गमतीचा. हवालदार म्हणाले, "तुझ्यावर गुन्हा नाय ना कुठला?"

"नाय."

"कधीच नाय?"

"नाय."

"मग आमच्याकडं तुझं काय असनार? जे नाय त्याचा दाखला कसा द्यायचा?"

हा प्रश्न जयरामला इतका आवडला की तो दाखला विसरून हवालदारांबरोबर त्याचा खल करत बसला. शेवटी मीच मोठ्या साहेबांना भेटून कागद घेतला.

दिल्लीहून पासपोर्ट शिक्का होऊन परत आला. बरोबरच्या कागदावर एक तारीख होती. त्या तारखेच्या आत कॅनडाच्या जमिनीवर उतरायचं, नाही तर तपासणीची मुदत संपणार आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. मी ते त्याला नीट समजावलं. त्याने पेढे वाटले. कॉलनीने त्याला नारळ द्यायची तयारी केली.

आणि जयराम जाईना.

तो रोज कामावर येई. राजीनामा नाही, तिकीट नाही. आठवडे गेले, पाऊस सरला, भातं कापणीला आली. विचारलं की म्हणे, "बघू की, भाऊ." बर्फात उभा राहणारा माणूस 'बघू' म्हणायला लागला, तेव्हा माझी झोप उडायची वेळ आली. विमानाला घाबरला म्हणावं, तर घाबरण्याआधी त्याने एखादं विमान हात लावून बघितलं असतं. बायकोच्या जिवावर बसून खायची लाज वाटते म्हणावं, तर पाटलाला दिलेलं उत्तर मी ऐकलं होतं. पाटलाने तिसराच शोध लावला. जयराम रोज संध्याकाळी पिशवी अडकवून सायकलवर लोधिवलीला जातो. तिथे काहीतरी 'हाय'.

लोधिवली कुसुमचं माहेर. पण बायको सातासमुद्रापार असताना सासुरवाडीला रोज कोण जातो?

"अहो, नुसते तर्क काय लढवताय? जाऊन बघा की," आमच्या सौ. म्हणाल्या. त्यांनाही राहवत नव्हतं, हे उघड होतं.

एका रविवारी मी गेलो. बुद्धविहाराच्या मागे शेवटचं घर. अंगणात पोचलो आणि थबकलो. जयराम डोळ्यांना टॉवेल बांधून, दोन्ही हात पुढे करून, भिंत चाचपत चालला होता. ओट्यावर एक किडकिडीत म्हातारी बसून त्याला ओरडत होती.

"डावीकडं, आरं डावीकडं! रांजान हाय पुडं! मेल्या, पायानं बघ, हातानं काय बघतोस?"

रांजण खणकन वाजला. जयराम गुडघा धरून खाली बसला. म्हातारी माझ्या दिशेला वळली. "कोन आलंय? वहाना वाजल्या." तिच्या डोळ्यांत बुबुळांच्या जागी नुसती राखाडी सावली होती.

ती कुसुमची आई; जयराम तिला मामी म्हणायचा. काचबिंदूने वर्षभरात तिची दृष्टी गेली होती. कुसुम एकुलती एक, घरात दुसरं कुणी नाही. कॉलनीत तो याबद्दल चकार शब्द बोलला नव्हता.

"भाऊ, तुमीच सांगा," जयराम टॉवेल सोडत म्हणाला. "चुलीपास्नं मोरीपर्यंत मी दोनदा आपटलो. मी गेल्यावर मामीचं कसं व्हनार?"

"तू आपटलास म्हनून मी आपटनार व्हय?" मामी फणकारली. ती उठली, आत गेली, न अडखळता चूल फुंकली आणि चहा टाकला. "पाय काड तिकडचा," ती मागे न वळता त्याला म्हणाली, आणि खरंच त्याचा पाय वाटेत होता.

"साखर जास्त टाकलीस," जयराम म्हणाला.

"पिऊ नकोस."

"पिनार."

दोघांचं असं बराच वेळ चाललं. मग तो पाणी आणायला गेला. मामीने माझ्या हातात कप दिला आणि आवाज खाली आणला.

"त्याला वाटतं त्यो माझं करतो. मी म्हंते वाटू दे. त्याची आय त्याला कळाया लागायच्या आदीच गेली. चुलत्याकडं वाढला. हितं येऊन भांडतो, रुसतो. भांडू दे म्हनलं, कुनाशी भांडनार त्यो? पन आता जाया पायजे. कवा जायचं म्हनून इचारलं तर सांगतो, घाई नाय."

"घाई कशी नाही?" मी म्हणालो. "तारीख आहे ना त्याला. पुढच्या महिन्यात मुदत संपते."

मामीला हे ठाऊकच नव्हतं. जयराम हंडा घेऊन दारात आला तेव्हा तिने मान वर केली.

"जयराम, तारीख हाय म्हनं."

त्याने हंडा खाली ठेवला. माझ्याकडे असं काही बघितलं की मला तिथून उठून जावंसं वाटलं.

"वाढवून मिळंल, मामी."

"मिळंल का?" तिने मला विचारलं.

"नाही," मी म्हणालो.

"माझी पोर तिकडं एकटी बर्फात वाट बघत उभी हाय," मामी म्हणाली, "आन् तू हितं डोळ्यावर टावेल बांधून नाचतोस? उद्या टिकिट काड. माझी भाची येतीय झोपाया. मी इचारलंय तिला कवाच."

जयराम कोपऱ्यातला दुसरा रिकामा हंडा उचलून पुन्हा पाण्याला गेला, आणि भरलेला तसाच दारात राहिला.

मुदतीच्या आत, अगदी शेवटच्या आठवड्यात, मी त्याला सांताक्रूझच्या विमानतळावर पोचवलं. अंगात पाटलाने दिलेला कोट. हो, पाटलानेच. आत जायच्या आधी त्याने मला खांबाआड नेलं. मला वाटलं, रडणार.

"भाऊ, एक काम हाय. रविवारी लोधिवलीला जात जा."

"जाईन की. काय न्यायचं?"

"काय नाय. नुसतं भांडायचं."

"भांडायचं? कशावरून?"

"कशावरनं बी. भाजी खारट हाय म्हना. मामी एकटी असली की पानी पिऊन झोपती. भांडान झालं की दोन भाकऱ्या खाती. मी करून बघितलंय." एवढं बोलून तो वळला आणि मागे न बघता आत गेला.

पहिल्या रविवारी मी गेलो. भाची शेतावर होती. मामीने मला वाढलं, स्वतः घेतलं नाही. मला आयुष्यात कुणाच्या घरी बसून भांडायची सवय नाही. चार घास खाल्ले, घसा साफ केला आणि म्हणालो, "भाजी जरा खारट झालीय."

"मीठ अजून घातलंच नाय," मामी म्हणाली.

मग तिने ताट पुढे ओढलं आणि भाकरीचा तुकडा मोडला.

"त्यानं पढवून धाडलं व्हय तुला?"

ती हळूहळू जेवत राहिली. पहिली भाकरी संपली तेव्हा तिने विचारलं, "पोचला का रं?"

"पोचला. तार आली काल."

"जेवत असंल का तिकडं?"

"आहे की कुसुम," मी म्हणालो. "करून घालत असेल."

"कुसुमला कुठं येतोय सयपाक?" मामी कडाडली. "तुला काय ठावं? बापाला भाकर लागायची ती बी मीच थापायचे. त्योच करून घालत असनार तिला."

आणि टोपलीत हात घालून तिने दुसरी भाकरी घेतली.