मोघेकाकांचं पहिलं वर्तुळ

मोघेकाकांना कपातून चहा चालत नसे. कारण कपाला कान असतो. "कानामुळे वर्तुळ मोडतं हो," ते पहिल्याच भेटीत माझ्या बायकोला म्हणाले, "पेल्यात द्या." स्टीलच्या पेल्यातला चहा संपल्यावर त्यांनी खिशातून घडीची फूटपट्टी काढली आणि पेल्याचं तोंड मोजलं. "पावणेतीन इंच. झकास!" आम्ही जयपूरला येऊन जेमतेम चार दिवस झाले होते. शेजार कसा मिळालाय, याचा अंदाज आला.

बँकेनं माझी बदली केली आणि विद्याधर नगरात आम्हाला नेमका काकांच्या समोरचा फ्लॅट मिळाला. काका विमा कंपनीतून निवृत्त झालेले. नोकरीभर दर तीन वर्षांनी गाव बदललं, शेवटचं जयपूर, तिथेच राहिले. काकू गेल्या होत्या. मुलगा टोरांटोला, त्याचा फोन रविवारी, तोही आलाच तर.

काका मंडलं काढत. गोलात गोल, गोलाला पाकळ्या, पाकळ्यांत त्रिकोण. कंपासला ते हात लावत नसत. "कंपासनं काय, कुणीही काढेल!" त्यांचं सगळं काम आजूबाजूच्या भांड्यांवर चाले. ऐन पोहे परतताना बेल वाजायची. "वहिनी, पाच इंचांच्या आसपास काही आहे का?" मग बायको गॅस बारीक करून डब्याचं झाकण शोधायची. ते कागदावर पालथं घालून काका भोवतीनं पेन्सिल फिरवत आणि संध्याकाळी परत आणून देत, तेही चिंच लावून लख्ख घासून. आमच्या घरात ते झाकण इतकं कधीच चमकलं नव्हतं. बायकोला तो टोमणाच वाटायचा.

एकदा तीजेच्या सणाला वरच्या मजल्यावरच्या शर्माभाभींनी त्यांना घेवर दिला. इतकी गोल, जाळीदार मिठाई बघून काका हरखले. "भाभीजी, ये तो बना-बनाया मंडल है!" भिंग घेऊन ते तासभर भोकं मोजत बसले. मग घेवर कागदावर ठेवून भोवती रेघ मारली. कागद तुपकट झाला आणि घेवर मऊ पडला तो पडलाच. दुसऱ्या दिवशी भाभींनी जिन्यात विचारलं, "अंकलजी, मीठा ठीक था?"

"एक सौ बयालीस छेद थे," काका म्हणाले.

हसू यायचं, पण मला कुतूहलही होतं. या माणसाला त्या गोलांत दिसतं तरी काय? एकदा विचारलंच.

"जोशी, मंडल म्हणजे नक्षीकाम नव्हे. आपल्या मधोमध कोण आणि भोवती कोण, याचा तो नकाशा. दुसऱ्याचा बघून उतरवता येत नाही. आधी बिंदू. मग सगळ्यात जवळचं वर्तुळ. मग बाकीचं जग."

आमची आठ वर्षांची सई ऐकत होती. "मतलब मधे मी, आणि बाजूला चॉकलेट?"

"खरं असेल तर चालेल," काका गंभीरपणे म्हणाले.

त्यांच्या नादानं मीही चार मंडलं काढली. काका ती लाल पेन्सिलीनं तपासून परत देत. शेरा बहुधा एकच: 'रेघ हलली. मन कुठे होतं?'

त्यांचं स्वतःचं मोठं मंडल सांगानेरच्या हातकागदावर होतं, चांगलं जेवणाच्या टेबलाएवढं. त्यात बिल्डिंगमधल्या प्रत्येक घराचं वर्तुळ होतं. बदली होऊन गेलेल्यांचीही होती. "ही खन्नांची परात. ते आता लखनौला असतात." आमच्या पोळ्यांच्या डब्याचं झाकणही कडेला सापडलं. पण मधल्या बिंदूभोवती नुसती कोरी जागा होती.

"काका, इथलं जवळचं वर्तुळ राहिलं की!"

"ते मागून आणायचं नसतं, जोशी," असं म्हणून त्यांनी कागदाची गुंडाळी केली.

तीन वर्षांनी माझी नाशिकला बदली झाली. खोकी भरता भरता मी पाचवं मंडल काढायला बसलो. मधल्या बिंदूत आम्ही तिघं. पहिल्या वर्तुळासाठी फार विचार करावा लागला नाही. काकांचा पेला पालथा घातला आणि पेन्सिल फिरवली. कागद आणि धुऊन पुसलेला पेला घेऊन समोर गेलो.

काकांनी लाल पेन्सिल उचलली, फूटपट्टी लावली. "पावणेतीन इंच." मग पेला उचलून त्या रेघेवर पालथा घातला. "हा माझा पेला."

"हो."

"पहिलं वर्तुळ?"

"रोज संध्याकाळी चहाला तुम्हीच असता, काका. दुसऱ्या कुणाचं काढू?"

त्यांनी लाल पेन्सिल खिशात ठेवली. "रेघ हलली आहे," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. मी पेला तिथेच ठेवून घरी आलो. आठवण म्हणून त्यांच्याकडे राहिला तर बरंच, असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रक निघताना काका खाली आले आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी बायकोच्या हातात दिलं. "हा ठेवा. मी नाशिकला आलो तर चहा कशात द्याल?"

गाडीत बायकोनं कागद सोडला. आत पेला होता. काकांनी या खेपेला तो घासला नव्हता. त्याच्या कडेवर शिसपेन्सिलीची काळी रेघ गोल फिरली होती.