पालकाच्या वाफ्यातली रेवा

एका रविवारी सकाळी पालकाच्या वाफ्यात उभ्या असलेल्या रेवा बोरकुटेच्या पायांना मुळं फुटली, आणि पहिली तक्रार आली ती इतर मुलांच्या पालकांकडून: आमच्या मुलांना का नाही फुटली?

तक्रार नलिनी वझलवार यांच्याकडे आली, कारण सोसायटीच्या शेतात मुलांना बागकाम शिकवायला त्याच आपणहून पुढे आल्या होत्या. मुलांची त्यांना फारशी आवड नव्हती. नागपुरातल्या एका कॉलेजात जन्मभर वनस्पतिशास्त्र शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या, आणि गॅलरीतून दिसणारं ते शेत त्यांना बघवत नव्हतं. टोमॅटो लागलेलं रोप नर्सरीतून आणायचं, मातीत खुपसायचं, शेजारी पोराला उभं करून फोटो काढायचा आणि तर्री-पोहे खायला निघून जायचं, याला सोसायटीतली मंडळी शेती म्हणत. नलिनीताईंनी मुलांना चपला काढायला लावल्या आणि माती कळेपर्यंत जागचं हलायचं नाही, असं बजावलं. बाकीची मुलं हलली. रेवा हलली नाही.

मुळं त्यांनी नीट तपासली. पांढरी, निरोगी, भरपूर होती. जरा ओढून पाहिल्यावर मुलगी कळवळली, म्हणून त्यांनी माती पुन्हा सारखी केली आणि झारीने पाणी घातलं.

रेवाची आई प्राची धावत आली. सोमवारच्या अबॅकसचं काय, हा तिचा पहिला प्रश्न होता. वडील हेमंत बोरकुटे व्यवहारी माणूस. त्यांनी अबॅकसच्या बाईंना वाफ्यावरच बोलावलं, मग इंग्रजीच्या सरांना, मग वेदिक गणितवाल्यांना. सगळे आळीपाळीने प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून शिकवू लागले. जी मुलगी कधी एका जागी बसत नव्हती, ती आता दिवसभर एका जागी होती. जेवणाचीही कटकट मिटली, कारण तिला ऊन पुरत होतं. महिन्याभरात रेवा परीक्षेत पहिली आली.

मग सोसायटी पेटली. आईबापांनी आपापली मुलं चिखलात ओळीने उभी केली. कुणी गांडूळखत आणलं, कुणी ऑनलाइन मागवलेलं मुळं फुटायचं औषध पोराच्या घोट्यांना चोळलं. मुलांना सर्दी झाली, बाकी काही फुटलं नाही. अध्यक्ष देवतळ्यांनी सभा बोलावली. तिथे नलिनीताईंवर पक्षपाताचा आरोप झाला, आणि सामायिक जागेत कायमस्वरूपी मुलगी उभी करण्यास बोरकुटे कुटुंबाने पूर्वपरवानगी घेतली नव्हती, याचीही नोंद झाली.

नलिनीताई म्हणाल्या, "मूळ धरायला आधी कुणीतरी जरा स्वस्थ राहू द्यावं लागतं. तसं तुमच्या घरी कधी झालं का, एवढं आठवून बघा."

हे उत्तर उद्धट असल्याचं सर्वानुमते ठरलं.

पुढे हेमंतरावांची गुरुग्रामला बढतीवर बदली झाली. त्यांनी एक मोठी कुंडी आणली आणि रेवाला मुळासकट काढून द्यावं, अशी विनंती केली. तिथल्या फ्लॅटमध्ये अभ्यासाच्या टेबलाशेजारी कुंडीची जागासुद्धा काढली होती. नलिनीताई खुरपं घेऊन वाफ्यात बसल्या.

"काकू, तिकडे मी परत धरेन का?" रेवाने विचारलं.

आयुष्यभर मुलांना खोटं सांगायचं त्यांना जमलं नव्हतं. "सांगता येत नाही गं. काही रोपं धरतात. काही मान टाकतात."

रेवाने बोटं मातीत घातली आणि घट्ट मिटली.

नलिनीताई उठल्या. हिला हलवलं तर ही जाईल, एवढंच त्यांनी आईबापांना सांगितलं. प्राचीचा चेहरा पडला. हेमंतरावांनी मात्र थोडा विचार केला आणि विचारलं, "मग कलम मिळेल का?"

त्या माणसाकडे नलिनीताईंनी बराच वेळ बघितलं. तो थट्टा करत नव्हता. तेव्हा त्यांनी रेवाला विचारून तिची एक वेणी कापली आणि त्या कुंडीत खोचून दिली. हेमंतराव मनापासून आभार मानत होते. नेण्याआणण्याला हे सोपं होतं, गाडीत मागच्या सीटवर पट्टा लावूनही बसत होतं.

निघताना प्राची एकटी परत आली. सँडल काढून ती लेकीजवळ वाफ्यात उभी राहिली, तिच्या उरलेल्या वेणीवरून हात फिरवत राहिली. गेटवर गाडीचा हॉर्न वाजला, पुन्हा वाजला. प्राची वळली, तेव्हा उजवं पाऊल उचलताना तिला चांगलाच जोर लावावा लागला. पण तिने तो लावला.

उन्हाळ्याआधी प्राचीचा फोन आला. कलमाला पानं आली होती आणि एका नामांकित शाळेत प्रवेशही मिळाला होता. मुलाखतीत ते अगदी शांत बसलं, याचं मुख्याध्यापकांना कौतुक वाटलं होतं. तिकडे सगळे त्याला रेवाच म्हणत होते.

नलिनीताईंनी हे जसंच्या तसं रेवाला सांगितलं.

"तिला अबॅकस आहे?" रेवाने विचारलं.

"आहे."

रेवाला त्या कुंडीतल्या मुलीचं वाईट वाटलं. मग दोघींनी शेजारच्या वाफ्याकडे लक्ष वळवलं, कारण मेथीवर माव्याची कीड पडली होती.