चोवीसानं भागलेले जयवंतभाऊ

आमचे शेजारी जयवंतभाऊ नव्या गाडीची पूजा करत तेव्हा चाकाखाली लिंबू ठेवत नसत. लिंबाची बी ठेवत. चार चाकं, चार बिया. नारळाच्या जागी सुपारी, आणि ती फोडायला अडकित्ता. हार अबोलीच्या कळ्यांचा. तोही दोऱ्यात नव्हे, कारण दोरा फार जाड. त्यांच्या बायकोच्या, शालनवहिनींच्या, एका केसात ओवलेला. मग भाऊ दोन बोटांनी गाडी पुढं ढकलत. बी चिरडायची नाही, बहुतेक वेळा सटकायचीच. एकदा ती थेट माझ्या चहात पडली. भाऊंनी तो शुभशकून मानला आणि म्हणाले, "जालें. आतां रस्त्यार काडूंक हरकत ना."

रस्ता म्हणजे त्यांचं जेवणाचं टेबल, आणि गाडी वीतभर लांब.

भाऊ डिचोलीतल्या एका खाणीच्या कचेरीत हेडक्लार्क होते. त्यांचा भाचा तारवटी, म्हणजे बोटीवर नोकरीला. तारवटी घरी येणार म्हटलं की नातेवाईक त्याच्याकडं सेंट, चॉकलेटं, घड्याळं मागत. भाऊ खोके मागत. खोक्यावर झकास गाडीचं चित्र असे आणि आत प्लॅस्टिकच्या चौकटीला झोंबलेले शेकडो बारीक तुकडे. ते एकेक कापायचे, घासायचे, चिमट्यानं धरून चिकटवायचे. मी एकदा मदत करायला गेलो आणि माझा अंगठा बॉनेटला चिकटला. भाऊंनी आधी बॉनेट सोडवलं.

रंग मिळायची पंचाईत होती. म्हणून भाऊ बाजारात जाऊन नेल पॉलिश घेत. साठीला टेकलेला, टकला, छत्रीवाला माणूस काउंटरवर उभा राहून स्वतःच्या नखावर लाल रंगाच्या छटा लावून बघतोय, हे दृश्य डिचोलीच्या बाजाराला पचायला काही महिने गेले.

"खऱ्या गाडीक चोवीसान भाग घाल्यार ही गाडी जाता," असं त्यांनी मला पहिल्याच दिवशी समजावलं. पुढं लक्षात आलं की त्यांचा हा भागाकार गाड्यांपुरता नव्हता. मी शाळेत मास्तर. हेडमास्तरांनी मला सगळ्या वर्गासमोर झापलं, मी तोंड पाडून आलो, तर भाऊ म्हणाले, "चोवीसान भाग घालात, मास्तर. कितें उरलें? एक शेंगदाणो." म्हापशाच्या मुलीनं मला नकार दिला तेव्हाही तोच शेंगदाणा. पुढं मलाच सवय लागली. रात्री झोप येईना की मी दिवसभरातले घोटाळे चोवीसानं भागत पडे. माझ्या घोटाळ्यांचा आकार असा, की भागूनही बऱ्यापैकी उरत.

भाऊ कट्टर मराठीवाले. ते दिवसच तसे होते. गोव्याची राजभाषा कुठली यावरून सख्खे भाऊ बोलेनासे झाले होते. मराठीच्या बाजूनं भाऊ तासभर भांडत आणि सगळं भांडण कोकणीतून करत. मी एकदा हे त्यांच्या लक्षात आणून दिलं. ते थोडा विचार करून म्हणाले, "राग आयल्यार म्हाका मराठी सुचना."

आणि त्यांच्या एकुलत्या एका मुलीनं, वृंदानं, नेमका कोकणीवाला नवरा केला. उल्हास मोरजीचा. किनाऱ्यावर येणाऱ्या गोऱ्यांना सायकली भाड्यानं द्यायचा आणि उरलेल्या वेळात मोर्चांना जायचा. लग्न भाऊंच्या अंगणातच थाटात झालं. पण मग जावई पहिल्यांदा जेवायला आला आणि विषय निघाला. भाऊ तावातावानं बोलत होते. उल्हास शांतपणे सोलकढी पीत म्हणाला, "मराठीखातीर झुजतात, पूण कोकणींत झुजतात. हें बरें." मी हेच बोललो होतो तेव्हा चाललं होतं. पण मी जावई नव्हतो. भाऊ तळलेलं इसवण, म्हणजे सुरमई, ताटात टाकून उठले, आणि इसवण टाकलं म्हटल्यावर प्रकरण गंभीर आहे हे सगळ्या वाड्याला कळलं.

त्यानंतर भाऊ मोरजीला एकदाही गेले नाहीत. वृंदा येऊन जाई, हे नाहीत. मराठीवाले त्यांच्या पडवीत येऊन बसत आणि म्हणत, "भाऊ, तत्त्वाचा माणूस म्हणजे तुम्ही. पोटच्या मुलीच्या घरची पायरी चढला नाहीत." भाऊ अशा वेळी ऐकू न आल्यासारखं करत आणि चिमट्यानं एखादा आरसा चिकटवत राहत.

मात्र पेडणे-मोरजीच्या बाजूला कोण निघालं की बुटांच्या खोक्यात कापूस घालून त्यात एक गाडी ठेवत. "हें वृंदाक दी. हळू व्हर." दोन-तीन गाड्या मीच पोचवल्या. एकदा बसमध्ये खोका उघडून बघितला, तर काचेतून मागच्या सीटवर कोणीतरी बसल्यासारखं दिसलं आणि ड्रायव्हरची सीट रिकामी. म्हटलं, भाऊंचाही हात चुकतो तर. ड्रायव्हर मागं चिकटला. मला फार बरं वाटलं.

गोव्याचं वेगळं राज्य झालं त्या वर्षी मी गाडी घेतली. खरी, पण जुनी. विकणाऱ्यानं ती का विकली हे मला दोन दिवसांनी कळलं; ड्रायव्हरचं सोडून तिची दारं फक्त बाहेरून उघडत. भाऊ भिंग घेऊन बघायला आले. गाडीभोवती फेरी मारली, वाकले, डोळा दाराच्या फटीला लावला. "रंग दाट लागला. फट सारकी ना. मास्तर, हें किट कोणें जोडलें?"

पूजा देवळासमोर, भाऊंच्या देखरेखीखाली झाली. या खेपेला अख्खी लिंबं, अख्खा नारळ. मी पहिला गिअर समजून मागचा टाकला. लिंबं जागच्या जागी राहिली आणि भटजी देवळाच्या तिसऱ्या पायरीवर गेले. जमलेल्या लोकांनी मग भाऊंना आग्रह करून माझ्या शेजारी बसवलं. एवढा गाड्यांचा जाणकार, पहिला मान त्यांचा. भाऊ नको नको म्हणत होते. मला वाटलं, संकोच.

बाजार यायच्या आत भाऊंचं बोलणं थांबलं. चेहरा कच्च्या पपईसारखा झाला. "मास्तर, रावय," ते पुटपुटले. मला ब्रेक सापडेपर्यंत झेंडूचा हार, नवं सीटकव्हर आणि माझा एक बूट, तिन्ही गेले.

पुढच्या मोरीवर आम्ही दोघं बसलो. भाऊ तोंड पुसत म्हणाले, "कोणाक सांगूं नाकात."

त्यांना लहानपणापासून गाडी लागायची. बस, मोटार, काहीही. वहिनींखेरीज हे कोणालाच ठाऊक नव्हतं, वृंदालाही नाही. म्हणून कचेरीत पायी. म्हणून मुलीचं लग्न स्वतःच्या अंगणात.

"म्हणजे मोरजी..." मी म्हणालो.

"मोरजें पोचसर म्हजें कितें उरतलें?"

"आणि भाषेचं काय?"

भाऊंनी रुमाल घडी करून खिशात घातला. "तें लोकांनींच म्हळें. म्हाका तें बरें दिसलें. कपाट भरून गाड्यो बांदता आनी गाडयेंत बसल्यार ओंकता, हें सांगचे परस तत्त्व बरें न्हय? आनी जांवयाक कळ्ळें जाल्यार तो सायकलीर बसून अख्खें पेडणें हांसयतलो."

मी शब्द दिला. शब्द पाळण्यात माझी ख्याती नाही, पण हा पाळला, आणि त्यामुळंच घोळ वाढला.

श्रावणात वृंदा माहेरी आली होती. परत जाताना माझ्या फाटकाशी थांबली. आमच्याकडं लग्नानंतरच्या पहिल्या चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, मुलीच्या सासरी माहेरून वजें जातं. टोपलीभर नेवऱ्या, लाडू, फळं, नारळ. ते घेऊन घरचा माणूस जातो.

"मास्तर," ती म्हणाली, "बाबांक सांगात. वजें घेवन ते स्वता आयले जाल्यार आयले. टोपली दुसऱ्याच्या हातांत दिली तर मी ती तशीच परत धाडतलें. मग मीही ह्या दारात पाय घालचें ना. मराठी भास लेकीपेक्षा व्हड आसत, तर आसूं."

एवढं बोलून ती ताठ मानेनं बसस्टॉपकडं गेली. चाल अगदी बापाची. फक्त ती बसमध्ये बसू शकत होती.

मी निरोप दिला. भाऊंच्या हातात तेव्हा एक स्टिअरिंग होतं, चार आण्याच्या नाण्याएवढं. ते त्यांनी खाली ठेवलं. "डिचोली ते मोरजें छत्तीस किलोमीटर. चोवीसान भाग घाल्यार दीड. दीड किलोमीटर हांव चलत वतां." उत्तर बरोबर होतं. मोरजी मात्र होती तिथंच राहिली. भाऊंनी चिमटा पुसून डब्यात ठेवला आणि त्यानंतर आठवडाभर टेबलाकडं फिरकले नाहीत.

चवथीच्या आदल्या दिवशी सकाळी ते माझ्या दारात उभे. पांढरा शर्ट, छत्री, एका हातात खाज्यांचा पुडा. वृंदा लहान होती तेव्हा जत्रेत याच गुळाच्या खाज्यांसाठी जमिनीवर लोळायची. मागं वहिनी वज्याची टोपली घेऊन. "मास्तर, तुमची गाडी चलता न्हय?"

"चालते. थांबायची खात्री नाही."

"थांबना जाल्यारच बरें," भाऊ म्हणाले.

तयारी जय्यत होती. मुठीत लिंबू, गालात आल्याचा तुकडा. शर्टाच्या आत छातीपोटाला वर्तमानपत्र गुंडाळलेलं. त्यानं मळमळ थांबते असं कोणीतरी सांगितलं होतं. त्यासाठी पलीकडच्या घरातून खास कोकणी वर्तमानपत्र मागून आणलं होतं. "कितेंय जालें तर म्हजें मराठी कित्याक खराब करूं?"

त्या प्रवासाचं वर्णन मी थोडक्यात करतो, कारण वाचक जेवून बसले असतील. अस्नोड्याला थांबलो. थिवीला थांबलो. कोलवाळच्या पुलाच्या अलीकडं थांबलो आणि पलीकडंही थांबलो. दर खेपेला मी धावत जाऊन बाहेरून दार उघडायचं, भाऊ उतरायचे, छत्रीआड जायचे आणि परत येऊन काहीतरी प्रतिष्ठित बोलायचे. "पूल बरो बांदला." "हांगा भात बरें आसा." धारगळ ओलांडल्यावर बोलणंही संपलं. वहिनी मागून म्हणाल्या, "परत वचूंया?" भाऊंनी मान हलवली. नाही. मी आरशात बघितलं तर वहिनी टोपली सांभाळत रडत होत्या की हसत होत्या, मला कळलं नाही. तोवर एक खड्डा आला आणि मी तो चुकवला नाही.

मोरजीला घरासमोर गाडी थांबली. उल्हास धावत आला. समोर सासरे बघून गडबडला, नमस्काराला वाकला. भाऊंना अजून जमीन हलल्यासारखी वाटत होती. ते पुढं झुकले आणि सरळ त्याच्या अंगावर कोसळले. उल्हासला वाटलं, सासऱ्यांनी मिठी मारली. त्यानंही घट्ट मारली. भाऊंच्या छातीतून चुरचुर आवाज आला. शर्टाची बटणं प्रवासात कधीच सुटली होती. आतून वर्तमानपत्र खाली घसरलं आणि उल्हासनं ते उचललं.

बघतच राहिला. मराठीच्या कट्टर कैवाऱ्याच्या काळजाजवळ कोकणी वर्तमानपत्र.

"बाबा," तो वर्तमानपत्र सरळ करत म्हणाला, "तुमी हें वाचतात?"

भाऊंची अवस्था अशी की तोंड उघडणं धोक्याचं. त्यांनी नुसती मान डोलावली. उल्हासनं डोळे पुसले. एवढे मोर्चे निघाले, सभा झाल्या, पण असा समेट मी तरी कुठं बघितला नाही. मी काहीतरी बोलणार होतो. वहिनींनी माझ्या पायावर टोपली ठेवली.

भाऊंना धरून सोप्यावर बसवलं. ते डोळे मिटून बसले. गुडघ्यांमध्ये उभी छत्री, मुठीवर दोन्ही हात, मांडीवर खाज्यांचा पुडा. वृंदा पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली आणि उंबऱ्यातच थांबली. बापाकडं बघत राहिली. मग तांब्या तसाच खाली ठेवून आत गेली.

आत दारासमोर काचेचं कपाट होतं आणि त्यात भाऊंनी धाडलेल्या सगळ्या गाड्या. तिनं निळी गाडी काढली, खिडकीशी नेली, उजेडात धरली. मीही मागून डोकावलो. मागच्या सीटवर बोटाच्या दोन पेरांएवढा माणूस. टक्कल, पांढरा शर्ट. गुडघ्यांमध्ये काडीची छत्री. मांडीवर कागदाचा पुडा, मुगाएवढा. तिनं लाल गाडी काढली. त्यातही तोच. हिरवीत तोच. एकाही गाडीत ड्रायव्हर नव्हता.

"म्हाका दिसलें, हो मनीस खोक्यांतल्यानच येता," ती म्हणाली.

ती निळी गाडी घेऊन बाहेर आली आणि भाऊंसमोर खाली बसली. "बाबा, हे तुमी?"

भाऊंनी डोळे उघडले. गाडी बघितली, नजर खाली घातली. शर्ट भिजलेला, गालात अजून आल्याचा तुकडा.

"ह्या गाड्यांनी म्हाका लागना गो," ते म्हणाले.

वृंदाला आधी अर्थ लागला नाही. मग तिनं त्यांच्या कॉलरकडं बघितलं, मुठीतल्या पिळवटलेल्या लिंबाकडं बघितलं, आईकडं बघितलं. वहिनींनी हलकेच मान हलवली. वृंदानं खाज्यांचा पुडा बापाच्या मांडीवरून उचलून स्वतःच्या ओच्यात घेतला आणि आत गेली.

कपाटातल्या गाड्या दाराकडं तोंड करून उभ्या होत्या, कधीही निघतील अशा. तिनं निळी गाडी जागेवर ठेवली आणि एकेक करून सगळ्यांची तोंडं घराच्या आत वळवली.