सहा महिने कमी पडलेली सून

"तुमच्या सूनबाईंची पदवी सहा महिने कमी पडतेय," समकक्षता कार्यालयातले साहेब म्हणाले.

सासूबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सून शेजारच्या देशातली, तिकडच्या कॉलेजात जनावरांच्या डॉक्टरांना शिकवणारी. लग्न होऊन इकडे आली आणि गुरांच्या दवाखान्यात नोकरीही मिळाली. उद्यापर्यंत तिच्या पदवीवर साहेबांचा शिक्का तेवढा हवा होता, नाहीतर जागा दुसऱ्याला जाणार होती.

"अहो, दोन्हीकडच्या पदव्या सारख्या धरायचा करार झालाय ना?"

"झालाय. पण त्यांची साडेचार वर्षं, आपली पाच."

"गाय तीच ना पण? का सीमा ओलांडली की तिला पाचवा पाय फुटतो?"

साहेब हसले नाहीत. त्यांनी कामासाठी बाहेर येऊन बसलेल्या, त्याच दवाखान्याच्या मुख्य डॉक्टरांना आत बोलावलं. "हे बघा, हेही तिकडेच शिकले. पण यांची पदवी भरली."

डॉक्टर ऐटीत आले, खुर्चीत टेकले, सुनेला बघितलं आणि ताडकन उठले. "मॅडम, तुम्ही?"

"हे माझ्या वर्गात होते," सून हळूच म्हणाली.

"मग यांचे सहा महिने कुठून आले?" सासूबाईंनी विचारलं.

डॉक्टर बुटांकडे बघत म्हणाले, "मला साडेसहा वर्षं लागली. दोनदा राहिलो."

"कोणी नापास केलं?"

"मॅडमनीच."

"वा! म्हणजे नापास होणाऱ्याची पदवी भरते, आणि नापास करणारीची कमी पडते?"

"नियमात कॉलेजात घालवलेली वर्षं मोजायची, एवढंच लिहिलंय," साहेब शांतपणे म्हणाले. "पास-नापास लिहिलेलं नाही."

"शिकण्यात घालवलेली, का शिकवण्यातही?" सुनेनं विचारलं.

साहेबांनी नियम पुन्हा वाचला. मग आणखी एकदा, ओठ हलवत. "नुसती घालवलेली."

"मग माझी शिकवण्याची सात वर्षं धरा."

साहेबांचा चेहरा खुलला. हिशेब जुळतोय म्हटल्यावर त्यांना बाकी कशाचं सोयरसुतक नव्हतं. "साडेअकरा!" असं म्हणून त्यांनी शिक्का हाणला. पण लगेच कपाळाला आठी पडली. "अडचण आहे. दवाखान्यात ज्याची वर्षं जास्त, तोच मुख्य. सूनबाईंना यांच्या हाताखाली ठेवता येणार नाही."

खोलीत सगळे डॉक्टरांकडे बघू लागले. सासूबाईंना इतका आनंद मुलाच्या लग्नातही झाला नव्हता.

डॉक्टरांनी वर्गात उभं राहावं तसे हात मागे बांधले.

"मॅडम, उद्या किती वाजता येऊ?"

"वेळेवर या," सासूबाईच म्हणाल्या. "आता उशिराचे मार्क मिळायचे नाहीत."